रुबेन्सचं हेट स्टेन: खंदकातल्या एका फ्लेमिश वाड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या नॅशनल गॅलरीत सव्वादोन मीटरांहून रुंद असं एक आडवं चित्र आहे. शरदातली सकाळ, उजवीकडून नुकतं वर येणारं ऊन आणि डाव्या कोपऱ्यात झाडांआड उभं असलेलं दगडविटांचं जुनं घर. ते चित्र पाहून आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो: हे घर खरंच कुठं आहे का? आहे. बेल्जियमला निघालेल्या ओळखीच्यांनी आणि चित्रांच्या नादी लागलेल्या मित्रांनी त्या घराबद्दल जे जे विचारलं, ते इथं उत्तरांसह एकत्र केलं आहे.

हेट स्टेन म्हणजे काय आणि ते नेमकं कुठं आहे?

बेल्जियममध्ये ब्रुसेल्स आणि मेखेलन या दोन शहरांच्या दरम्यान एलेवाइट नावाचं गाव आहे. आज ते झेम्स्ट नगरपालिकेत मोडतं. त्या गावाच्या कडेला, चारी बाजूंनी पाण्याचा खंदक असलेला हा वाडा आहे. डच भाषेत ‘स्टेन’ म्हणजे दगड. ज्या काळात सामान्य माणसाचं घर लाकूड, कुडाच्या भिंती आणि गवती छपराचं असायचं, त्या काळात दगडात बांधलेलं घर एवढं वेगळं दिसायचं की लोक त्याला नुसतं ‘दगड’च म्हणू लागले. हेट स्टेन म्हणजे ‘तो दगड’. स्थानिक लोक त्याला रुबेन्सचा वाडा असंही म्हणतात, कारण चित्रकार पीटर पॉल रुबेन्सनं आयुष्याच्या शेवटच्या ५ वर्षांसाठी तो आपलासा केला होता.

अँटवर्पला स्टेन बघितलं. तेच का हे?

नाही. ही गल्लत फार होते. अँटवर्पचं स्टेन शेल्ड नदीच्या काठावर, भर शहरात आहे. घेंटचं ग्रावेनस्टेन म्हणजे काउंटांचा दगडी किल्ला, तोही शहराच्या मधोमध. नावातला ‘स्टेन’ तिन्हीकडे एकाच कारणानं आला आहे, पण इमारती वेगळ्या, मालक वेगळे, कामंही वेगळी. एलेवाइटचं स्टेन शेतांच्या आणि कुरणांच्या मध्ये आहे, आणि त्याचं सगळं वैशिष्ट्य तिथूनच सुरू होतं.

याला किल्ला म्हणायचं की वाडा?

डचमधला ‘कास्टेल’ हा शब्द दोन्हींना चालतो, म्हणून भाषांतर करताना पंचाईत होते. खंदक आहे, म्हणून भुईकोट म्हणावंसं वाटतं. पण भुईकोटात फौज, दारूगोळा, तटावर तोफा असं चित्र डोळ्यांपुढे येतं, आणि इथं तसं काही नव्हतं. आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द म्हणजे गढी: गावाच्या मालकाचं मजबूत घर, भोवती त्याची शेती, कुळं, गोठे, कोठारं. चोर, लुटारू, भाडोत्री शिपायांची भटकी टोळी यांना रोखण्याइतकी ताकद, त्यापलीकडे नाही. मी या लिखाणात ‘वाडा’ म्हणणार आहे, पण मनात गढी ठेवून वाचावं.

किती जुना आहे?

कागदोपत्री पहिला उल्लेख १३०४ सालचा. तेव्हाच्या बांधकामातलं थोडंच आज उरलं असेल, कारण असे वाडे एकदा बांधून संपत नसत. दर दोन-तीन पिढ्यांनी नवा मालक यायचा, एखादी बाजू पाडायचा, खिडक्या मोठ्या करायचा, नवं दालन जोडायचा. आज दिसणाऱ्या घराचा चेहरामोहरा १६व्या शतकातल्या फ्लेमिश-ब्राबांटी बांधणीचा आहे, आणि त्यावर १९व्या शतकातल्या मोठ्या डागडुजीचा हात फिरला आहे. एका काळाचं शुद्ध बांधकाम बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल.

लढायचं नव्हतं, तर खंदक कशासाठी खणला?

या प्रश्नाला थोडं निवांत उत्तर द्यायला हवं, कारण ‘खंदक म्हणजे शत्रूला अडवणं’ हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलं आहे.

आधी जमीन बघा. हा सगळा मुलूख सपाट आहे. डोंगर नाही, टेकडी नाही, कडा नाही. सेन आणि डायल या नद्यांच्या दरम्यान लहान लहान ओढे वाहतात, आणि भूजल इतकं वर असतं की जरा खोल खड्डा खणला की पाणी लागतं. सह्याद्रीत किल्ला बांधणारा उंची शोधायचा. इथं उंची सापडायचीच नाही, ती तयार करावी लागायची. चौफेर खणायचं, निघालेली माती मधोमध टाकून चौथरा उंच करायचा आणि त्यावर घर बांधायचं. म्हणजे खंदक आणि चौथरा ही एकाच कामाची दोन अंगं. नुसतं कोरडं घर हवं असलं तरी भोवती खणावंच लागलं असतं.

मग त्या पाण्याचे बाकीचे उपयोग. त्यात मासे पाळायचे. ख्रिस्ती पंचांगात उपवासाचे दिवस पुष्कळ, त्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासा चालतो, त्यामुळे दाराशी मासळी असणं ही मोठी सोय होती. जनावरांना पाणी, आग लागली तर पाणी, पावसाळी शेतातून येणारं जादा पाणी झिरपायला जागा, सगळं तेच. सांडपाणीही बहुतेक वेळा त्यातच जायचं, तेव्हा फार रम्य कल्पना करून घेऊ नयेत.

आणि मान. मध्ययुगात खंदक, उचलता पूल, बुरूज या गोष्टी सरदाराच्या घराची ओळख होत्या. १५व्या शतकात तोफा आल्यावर असल्या वाड्यांचं लष्करी महत्त्व संपलं. ब्रुसेल्सच्या दक्षिणेला बेर्सेलचा किल्ला आहे, तीन बुरुजांचा आणि पूर्ण पाण्यात. १४८९ साली, तेव्हा या मुलखाचा कारभार बघणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनविरुद्धच्या बंडात, तोफांनी त्याची जी अवस्था केली ती पाहता एखाद्या गावमालकाच्या खंदकानं सैन्य अडलं असतं असं कुणालाच वाटलं नसेल. तरी पुढची दोनशे वर्षं श्रीमंत माणसं खंदक राखत राहिली, काही ठिकाणी नवेही खणत राहिली. पाण्यात पडणारं घराचं प्रतिबिंब बघून आल्यागेल्याला कळायचं की हे मालकाचं घर आहे.

सतत पाण्यात उभी असलेली भिंत खचत नाही का?

खचू शकते, पण पाण्यामुळे खचते त्यापेक्षा पाणी आटल्यानं जास्त. या दलदलीच्या भागात जड बांधकामाखाली अनेकदा लाकडी खुंट ठोकलेले असतात. लाकूड कायम पाण्याखाली राहिलं, त्याला हवा लागली नाही, तर ते शतकानुशतकं कुजत नाही. खंदकाची पातळी खाली गेली, खुंटांची डोकी उघडी पडली, की कूज लागते आणि वरची भिंत तडकते. म्हणून अशा वाड्यांच्या देखभालीत पहिलं काम छपराचं नसून पाण्याच्या पातळीचं असतं. खंदक बुजवून तिथं हिरवळ केली की घर सुरक्षित झालं असं वाटतं, आणि काही वर्षांनी भेगा दिसू लागतात.

विटांच्या मधून पांढरे पट्टे कशाचे? आणि छपराच्या टोकाला त्या पायऱ्या कशासाठी?

फ्लँडर्सच्या सपाट भागात दगड दुर्मीळ आणि चिकणमाती मुबलक. वीट भाजण्याची कला इथं १३व्या शतकात जोमानं परतली. त्यात किनाऱ्यावरच्या सिस्टर्शियन साधूंच्या मठांचा मोठा वाटा होता. कोक्सेइडच्या त्यांच्या मठाच्या मोठाल्या विटा आजही पाहता येतात. ब्रुसेल्सच्या आसपास मात्र पिवळसर पांढरा वालुकाश्म मिळायचा. तो विटेपेक्षा महाग, पण कोपरे, खिडक्यांच्या चौकटी आणि दारांच्या कमानी यांना घासून-तासून नेमका आकार देता येतो. म्हणून जिथं ताण येतो किंवा जिथं नजर जाते तिथं दगड, आणि मधला सगळा भराव विटांचा. कधी कधी विटांच्या काही थरांनंतर दगडाचा एक थर घालायचे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या या कामाला डचमध्ये ‘स्पेकलागन’ म्हणतात, म्हणजे चरबीचे थर. डुकराच्या मांसात लाल आणि पांढरे पट्टे असतात तसे दिसतात म्हणून.

पायऱ्यांचं म्हणाल तर छप्पर उतरतं आणि खूप उभं असतं, कारण इथं पाऊस वर्षभर झिमझिमतो. त्या छपराच्या टोकाला जी तिकोनी भिंत येते तिची कड तिरकी कापायची, तर प्रत्येक वीट तिरकी तोडावी लागते. त्याऐवजी अख्ख्या विटांच्या पायऱ्या करत वर जायचं आणि प्रत्येक पायरीवर दगडाची फरशी बसवायची. काम सोपं होतं, भिंत छपरापेक्षा थोडी वर राहते, कौलांच्या कडेखाली वारा शिरत नाही. शहरातल्या दुकानदाराच्या घरापासून सरदाराच्या वाड्यापर्यंत सगळ्यांनी ही पद्धत उचलली. आज फ्लेमिश घर म्हटलं की तीच आकृती डोळ्यांपुढे येते.

रुबेन्सनं हा वाडा कधी आणि केवढ्याला घेतला?

खरेदी १२ मे १६३५ ची. किंमत ९३,००० गिल्डर. त्या काळात अँटवर्पच्या कसबी गवंड्याला दिवसाला साधारण गिल्डर-सव्वा गिल्डर मिळायचा, यावरून रकमेचा अंदाज यावा. नुसतं घर नव्हतं ते. शेतजमीन, कुरणं, तळी, झाडी आणि जोडीला जहागीर. वाडा घेणारा माणूस आपोआप ‘स्टेनचा स्वामी’ व्हायचा.

एका चित्रकाराला एवढं परवडलं?

परवडलं. रुबेन्स युरोपातला सर्वांत मागणी असलेला चित्रकार होता, त्याची कार्यशाळा मोठी होती आणि त्यानं राजदूताचंही काम केलं होतं. स्पेन आणि इंग्लंड यांच्यात १६३० साली तह झाला त्यामागच्या वाटाघाटींत त्याचा हात होता. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सनं १६३० मध्ये त्याला सरदारकी दिली, स्पेनच्या चौथ्या फिलिपनं १६३१ मध्ये.

मग त्याला गावाकडं जाऊन राहावंसं का वाटलं?

मला विचाराल तर तीन कारणं एकत्र आली.

पहिलं म्हणजे दरबाराचा वीट. १६३४ च्या डिसेंबरात त्यानं पेरेस्क या फ्रेंच विद्वान मित्राला एक मोठं पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की आपण इन्फांटा (राजकन्या) इझाबेला, म्हणजे स्पेनच्या वतीनं या मुलखाचा कारभार बघणारी राज्यपाल, हिच्या पायाशी पडून, इतक्या खटाटोपांचं बक्षीस म्हणून एवढंच मागितलं की यापुढे अशा मोहिमांवर पाठवू नका. त्याच पत्रात दुसऱ्या लग्नाचाही खुलासा आहे. दरबारातली मुलगी करा असं सगळे म्हणत असताना त्यानं मध्यमवर्गीय घरातली मुलगी केली, कारण त्याला अशी बायको हवी होती जी त्याला हातात कुंचला धरताना बघून शरमणार नाही. ही राज्यपाल इझाबेला १६३३ साली वारली होती. एप्रिल १६३५ मध्ये नवा राज्यपाल, कार्डिनल-इन्फांट फर्डिनांड, अँटवर्पला आला. त्याच्या स्वागताच्या कमानी आणि देखाव्यांचं अवाढव्य काम रुबेन्सनं उरकलं, आणि पुढच्याच महिन्यात वाड्याचा व्यवहार केला.

दुसरं, घर भरलं होतं. पहिली बायको इझाबेला ब्रांट १६२६ साली गेली. डिसेंबर १६३० मध्ये त्यानं हेलेना फूरमेंटशी लग्न केलं तेव्हा तो ५३ वर्षांचा होता आणि ती १६ वर्षांची. त्यांना पाच मुलं झाली, त्यातली सर्वांत धाकटी त्याच्या मृत्यूनंतर, १६४१ साली. शिवाय त्याला संधिवाताचा त्रास होता, आणि तो वाढत चालला होता.

तिसरं कारण जरा व्यवहाराचं आहे, पण ते टाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. मानमरातब मिळाला तरी जमीनजुमल्याशिवाय सरदारकी अर्धवट वाटायची. अँटवर्पच्या व्यापाऱ्यांनी गेली शंभर वर्षं हेच केलं होतं: शहरात कमवायचं आणि गावाकडं एखादा खंदकाचा वाडा घ्यायचा. अशा उन्हाळी घराला ‘हॉफ व्हान प्लेझांटी’ म्हणत, सुखाचं घर. घेंटजवळचा ओइडोंकचा वाडा मार्टिन देला फाई या अँटवर्पच्या व्यापाऱ्यानं १६व्या शतकाच्या अखेरीस घेतला आणि नव्यानं उभारला, तोही याच चालीतला. अँटवर्पच्या सेंट जेम्स चर्चमध्ये रुबेन्सच्या कबरीवरच्या लॅटिन लेखात त्याला स्टेनचा स्वामी म्हटलं आहे. त्याला त्या पदवीचं अप्रूप होतं यात शंका नको.

त्या वर्षी तिथं युद्ध पेटलं नव्हतं का?

पेटलं होतं, आणि चित्र बघणाऱ्या फार थोड्या लोकांना हे माहीत असतं. खरेदीनंतर बरोबर एका आठवड्यानं, १९ मे १६३५ ला, फ्रान्सनं स्पेनविरुद्ध युद्ध जाहीर केलं. त्याची दवंडी ब्रुसेल्समध्येच पिटली गेली, म्हणजे नव्या घरापासून काही तासांच्या वाटेवर. जूनमध्ये फ्रेंच आणि डच फौजांनी टीनेन हे गाव लुटून जाळलं, मग लूव्हनला वेढा घातला. लूव्हन एलेवाइटपासून फार लांब नाही. वेढा फसला म्हणून हा भाग वाचला.

हे कळल्यावर मी ते चित्र पुन्हा बघितलं तेव्हा ते वेगळं दिसलं. बाजाराला निघालेली गाडी, तितर टिपायला दबा धरून बसलेला शिकारी, कुरणात गाई. या सगळ्यात सैनिक एकही नाही. बंदूक आहे ती पक्ष्यांसाठी. ज्यानं आयुष्यातली कितीतरी वर्षं तह घडवण्यात घालवली त्या माणसानं युद्धाच्या वर्षांत आपल्या दारातली एक साधी सकाळ रंगवली.

तो तिथं कायम राहायचा का?

नाही. अँटवर्पचं घर आणि कार्यशाळा चालूच होती. उन्हाळा आणि शरद स्टेनला, बाकीचा काळ शहरात, असं साधारण होतं. तिथल्या दिवसांची सर्वांत जिवंत खूण म्हणजे १७ ऑगस्ट १६३८ चं पत्र. स्टेनवरून त्यानं आपला शिष्य, मेखेलनचा मूर्तिकार लुकास फायदेर्ब याला लिहिलं. आपण काढलेली तीन मस्तकं असलेली फळी तातडीनं पाठव, ती झाकून आण. निघताना घर नीट कुलूपबंद कर, वरच्या खोलीत मूळ चित्रं आणि कच्चे आराखडे उघडे राहू देऊ नकोस. माळ्याला आठवण कर की नासपती पिकल्या की पाठव, अंजीर आले तर अंजीरही. आणि ताजा कलम: येताना ‘आय’ गावच्या वाइनच्या बाटल्या आण, आम्ही बरोबर आणलेल्या संपल्या.

इतका मोठा माणूस, राजांशी पत्रव्यवहार करणारा, आणि चिंता कुलपाची, नासपतींची. आपल्या घरातला एखादा वडीलधारा गावाला गेल्यावर तिथून फोनवर जे जे विचारेल, तेच हे.

ते प्रसिद्ध चित्र नेमकं कोणतं?

‘पहाटेच्या वेळी हेट स्टेनचं दृश्य’, साधारण १६३६ चं, ओकच्या फळ्यांवर तैलरंगात. आकार सुमारे १३१ बाय २२९ सेंटीमीटर. ते एका सलग फळीवर नाही. रुबेन्सनं अनेक तुकडे जोडत चित्र वाढवत नेलं, जसजशी सकाळ त्याला रुंद दिसत गेली तसतशी. असं काम करायला दुसऱ्या कुणाची मागणी असेल तर जमत नाही. हे चित्र त्यानं स्वतःसाठी काढलं आणि मरेपर्यंत स्वतःजवळ ठेवलं.

डावीकडे वाडा अर्धवट सावलीत आहे, खिडक्यांवर ऊन चमकतंय. वाड्यासमोर चांगल्या कपड्यांतली काही माणसं, मूल घेतलेली एक बाई आणि पुलावरून खंदकात मासे पकडणारा एक जण. वर म्हटलेली मासळीची गोष्ट इथं डोळ्यांनी दिसते. पुढे काट्याच्या झुडपाआड शिकारी आणि त्याचा कुत्रा. आणि मग उजवीकडे नजर मोकळी सुटते, कुरणामागून कुरण, थेट क्षितिजापर्यंत. चित्राचं नाव वाड्याचं, पण वाड्याला जागा जेमतेम कोपऱ्यातली. मालकानं घराकडे पाठ करून जमीन बघावी तसं.

याला जोडचित्र आहे म्हणतात, ते कुठं?

‘इंद्रधनुष्याचा देखावा’. तेही त्याच सुमाराचं, जवळपास त्याच मापाचं. पाऊस पडून गेला आहे, गवत कापणारी माणसं कामाला लागली आहेत, ओढ्यावर गाई आणि बदकं. एकात सकाळ, दुसऱ्यात उतरती दुपार. दोन्ही चित्रं १९व्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतून लंडनला आली आणि तिथं त्यांची ताटातूट झाली. सकाळचं चित्र सर जॉर्ज ब्यूमाँट यांच्याकडे गेलं. त्यांनी ते नॅशनल गॅलरीला दिलं, आणि त्यांच्याकडे असतानाच ते जॉन कॉन्स्टेबलसारख्या तरुण निसर्गचित्रकाराला बघायला मिळालं. इंद्रधनुष्य वॅलेस संग्रहात आहे. तब्बल दोनशे वर्षांनी, २०२१ च्या उन्हाळ्यात, वॅलेस संग्रहात दोन्ही शेजारी शेजारी लागली. एरवी दोन्ही संग्रहालयांमधलं अंतर लंडनमध्ये पायी अर्ध्या तासाचं आहे. एकाच दिवशी दोन्ही बघावीत.

चित्रात एक उंच बुरूज दिसतो. प्रत्यक्षात तो का नाही?

तो मुख्य बुरूज होता, वाड्याचा सर्वांत जुन्या धाटणीचा भाग. नंतरच्या काळात तो पाडला गेला. अनेक वाड्यांचं हेच झालं: जाड भिंती, बारीक खिडक्या, आत अंधार, डागडुजीचा खर्च मोठा. राहायला सोयीची दालनं राहिली, बुरूज गेला. त्यामुळे आज एलेवाइटला उभं राहून मूळ वाडा पूर्ण बघता येत नाही. त्याचा काही भाग फक्त लंडनच्या भिंतीवर आहे.

मग चित्रावर किती विश्वास ठेवायचा?

घराच्या आकाराबाबत पुष्कळ: पायऱ्यांच्या भिंती, पूल, पाणी, सगळं जुळतं. देखाव्याच्या विस्ताराबाबत कमी. त्या सपाट भागात कुठल्याही एका जागेवरून, जमिनीवर उभं राहून, इतकं दूरवर दिसत नाही. रुबेन्सनं नजर उंचावर नेली आहे आणि अंतरं आपल्या मनाप्रमाणं लावली आहेत. नकाशा म्हणून वापरू नये.

इटलीची वास्तुकला आवडणाऱ्या माणसानं असं जुनाट घर कसं घेतलं?

मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त ओढ याच प्रश्नाची आहे.

रुबेन्स तरुणपणी आठ वर्षं इटलीत होता. अँटवर्पला परतल्यावर घेतलेलं घर त्यानं इटालियन पद्धतीनं वाढवलं: कमानींचं भव्य दार, मूर्ती, बागेतला मंडप. १६२२ साली त्यानं जिनोआच्या प्रासादांचे नकाशे छापून पुस्तक काढलं. त्याच्या प्रस्तावनेत तो समाधानानं लिहितो की ज्या बांधणीला रानटी किंवा गॉथिक म्हणतात ती आपल्या मुलखातून हळूहळू मागे पडते आहे. आणि १३ वर्षांनी हाच माणूस आपली मोठी पुंजी घालून खंदक, बुरूज आणि पायऱ्यांच्या भिंती असलेलं घर घेतो. पैसा होता, हौस होती, कलावंत हाताशी होते. घराचा दर्शनी भाग बदलून तिथं खांब आणि कमानी उभारणं त्याला अवघड नव्हतं. पण चित्रात बघा: घर जुनंच आहे, त्याच्या खास फ्लेमिश रेषांसकट, आणि त्यानं ते मायेनं रंगवलं आहे.

काही जण म्हणतील, सरदारकीला जुनं घरच शोभतं, बुरूज म्हणजे खानदान. ते खरंच आहे. पण मला वाटतं पुस्तक लिहिताना तो शहराचा विचार करत होता. लोक एकमेकांशेजारी राहतात तिथं प्रमाण, उजेड, सोय याला महत्त्व असतं. गावात घराशेजारी घर नसतं, झाड असतं. विटेचा तो जुनाट लाल रंग, दगडाची कड, पाण्यातली सावली हे त्या ओल्या हिरव्या मुलखातूनच उगवल्यासारखं दिसतं. पांढरा इटालियन दर्शनी भाग तिथं पाहुण्यासारखा उभा राहिला असता. डोळा असलेल्या माणसाला हे दिसलं असणार, मग त्याचं स्वतःचं पुस्तक काहीही म्हणो.

हा वाडा फ्लेमिश म्हणायचा की ब्राबांटी?

रुबेन्सच्या काळात एलेवाइट ब्राबांटच्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या मुलखात, होतं, आणि ब्राबांट स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये. फ्लँडर्सची काउंटी पश्चिमेला, घेंट आणि ब्रुखकडे. आज मात्र फ्लँडर्स म्हणजे बेल्जियमचा सगळा डचभाषक भाग, आणि एलेवाइट ‘फ्लेमिश ब्राबांट’ प्रांतात येतं. हा प्रांत १९९५ साली जुन्या ब्राबांटचे तुकडे होऊन बनला. दोन्ही शब्द बरोबर आहेत, फक्त कुठल्या शतकाबद्दल बोलतोय ते सांगायचं.

रुबेन्सनंतर काय झालं?

तो ३० मे १६४० ला अँटवर्पमध्ये वारला. हेलेनानं पुढं यान-बाप्टिस्ट व्हान ब्रुखोव्हन या सरदाराशी लग्न केलं. शेजारच्या पेर्क गावात ‘द्री टोरेन’ नावाचा वाडा होता, म्हणजे तीन बुरुजांचा. तो १६६० च्या दशकात चित्रकार धाकटा डेव्हिड टेनिर्स यानं घेतला, आणि व्यवहार झाला हेलेना आणि तिच्या याच नवऱ्याशी. टेनिर्सची पहिली बायको अ‍ॅना ब्रूगेल, म्हणजे रुबेन्सचा जिवलग मित्र थोरला यान ब्रूगेल याची मुलगी. वडील गेल्यावर रुबेन्स तिच्या पालकांपैकी एक होता. काही मैलांच्या परिघात चित्रकारांचे वाडे आणि नातीगोती अशी गुंतलेली आहेत.

पुढं मालक बदलत गेले, बुरूज गेला, १९व्या शतकात मोठी दुरुस्ती झाली. २०१९ साली फ्लँडर्सच्या सरकारी पर्यटन संस्थेनं वाडा विकत घेतला, लोकांसाठी तो उघडावा म्हणून.

आत जाऊन बघता येतं का?

दुरुस्तीची कामं आणि उघडण्याच्या वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. आत रुबेन्सचं सामान जसंच्या तसं मांडलेलं असेल असं समजू नका. इथली मुख्य गोष्ट बाहेर आहे. पाण्याभोवतीची वाट, वाड्याचं प्रतिबिंब आणि पलीकडची शेतं.

अशा प्रकारचे आणखी कोणते वाडे बघावेत?

खंदकाच्या किल्ल्याचं लढाऊ रूप बघायचं तर बेर्सेल. १४व्या शतकाच्या सुरुवातीचा, आत बहुतांश रिकामा, आणि म्हणूनच भिंती, जिने, मारगिरीच्या फटी स्पष्ट दिसतात. घेंटजवळचं लार्ने राखाडी दगडाचं आणि पाच बाजूंचं. आत चांदीच्या वस्तूंचा सुंदर संग्रह आणि ब्रुसेल्सचे विणलेले पडदे आहेत. घेंटच्या दुसऱ्या बाजूला, लाय नदीच्या वळणात ओइडोंक आहे. नावातला ‘डोंक’ म्हणजे दलदलीतली उंचवट्याची जागा, म्हणजे पुन्हा तीच पाण्यातून वर काढलेल्या जमिनीची गोष्ट. हा वाडा एके काळी मोंमोरांसी घराण्याचा होता. त्यांचाच फिलिप, हॉर्नचा काउंट, याला १५६८ साली ब्रुसेल्सच्या भर चौकात काउंट एग्मोंट या दुसऱ्या सरदाराबरोबर ठार मारलं. आज तिथं एक कुटुंब राहतं, त्यामुळे ठरावीक दिवशीच आत सोडतात.

एलेवाइटला जायचंच असेल तर कोणत्या ऋतूत?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, आणि सकाळी लवकर. चित्रातला ऋतूही तोच आहे, झुडपांना काळी फळं लागलेली असतात. मेखेलनहून सायकल भाड्यानं घ्या, रस्ता पूर्ण सपाट आहे. शेतांवर धुकं असेल तर वाडा दिसायला वेळ लागतो. घाई करू नका, ऊन वर आलं की आधी छपराची पायऱ्यांची कड दिसते, मग खिडक्या.